रात्री इथं गाडी लावू का?

सोलापुरात आमचं घर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. तीस वर्षं ट्रकचे हॉर्न ऐकत झोपलो, पण हा रस्ता येतो कुठून आणि जातो कुठं, हे काही कधी डोक्यात आलं नाही. आमचे यजमान निवृत्त झाल्यावर एकदा नकाशा उघडून बसलो तेव्हा कळलं. राष्ट्रीय महामार्ग 52 : कर्नाटकातल्या अंकोल्यापासून पंजाबातल्या संगरूरपर्यंत, सहा राज्यं, सुमारे 2,300 किलोमीटर. दारावरून जाणारा रस्ता एकदा अख्खा बघायचा, एवढंच ठरवलं. नोव्हेंबर 2019 मध्ये निघालो आणि फेब्रुवारी 2023 मध्ये, एक तुकडा सोडला तर, तो बघून झाला.

गाडीतच झोपायचं, हा हट्ट माझा. मागची आसनं पाडून सुताराकडून मापाची प्लायवूडची फळी बसवून घेतली, वर पातळ गादी आणि दोन सोलापुरी चादरी. एक अंथरायला, एक पांघरायला. खिडक्यांसाठी मच्छरदाणीचं कापड कापलं आणि काठात छोटी लोहचुंबकं शिवली, म्हणजे ते दाराच्या पत्र्याला आपोआप चिकटतं. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आठवडाभर दोन्हीला काही होत नाही. काच दोन बोटं उघडी ठेवायची आणि गाडीत शेगडी पेटवायची नाही, इंजिनही चालू ठेवायचं नाही, हे नियम ह्यांनी शेवटपर्यंत पाळले.

पण खरं अवघड काम होतं ते रोज संध्याकाळी विचारायचं. पेट्रोल पंप, ढाबा, देवळाचं आवार, जिथं उजेड आणि माणूस दिसेल तिथं उतरून "रात्री इथं गाडी लावू का?" म्हणायचं. ह्यांना संकोच वाटायचा, म्हणून मी उतरायची. माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात मराठीइतकीच कन्नड. पहिल्या खेपेला दक्षिणेला निघालो, तेव्हा टाकळीला भीमा ओलांडली की लगेच ती कामाला आली. विजयपूरपर्यंत तेव्हा चौपदरीकरण चाललेलं. दिवसभर धुरळा खाल्ला. कोल्हारला मातीच्या गाडग्यातलं घट्ट दही घेतलं आणि कृष्णेच्या फुगवट्यावरच्या त्या लांबलचक पुलापलीकडे जाऊन भाकरी कुस्करून खाल्लं. हुबळीनंतर ज्वारी मागे पडते, यल्लापूरनंतर झाडी दाटते आणि अरबैल घाट उतरला की हवा एकदम चिकट होते. अंकोल्याला रस्ता समुद्राजवळ येऊन संपतो.

तिथं आम्ही दोन रात्री राहिलो. 1930 साली अंकोल्यात मिठाचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. 12 जानेवारी 1931 ला धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे फासावर गेले, हे सोलापूरच्या पोरासोरांना पाठ असतं. अंकोल्याचं मात्र मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ही दोन्ही गावं आज एकाच रस्त्यावर आहेत. त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नाही.

मग मार्च 2020 ची टाळेबंदी. गाडी दारात उभी राहिली आणि याच रस्त्यावरून डोक्यावर बोचकी घेऊन माणसं चालत जाताना आम्ही गच्चीतून पाहिली. त्यानंतर सहल म्हणून निघायला मन होईना. फळी व्हरांड्यात उभी करून ठेवली, ती जवळजवळ तीन वर्षं.

जानेवारी 2023 मध्ये सोलापूरची गड्डा यात्रा आटोपली आणि उत्तरेला निघालो. बीडपर्यंतचा भाग अंधारातच उरकला. तो आपलाच आहे, कधीही बघू, असं वाटलं. शहागडला गोदावरी, धुळ्यापुढं तापी, बिजासनचा घाट चढून सेंधवा, मग खलघाटला नर्मदा. इथं माझी मराठीही संपली. मोडक्या हिंदीत विचारायला लागले, आणि एका पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप घालून "बायकांचं बंद आहे" असं सांगितलं गेलं. पुरुषांचं उघडं होतं. प्रवासात मला राग आला तो एवढाच, पण तो अजून गेलेला नाही. बाई घराबाहेर रात्र काढू शकेल की नाही, हे त्या कुलपावर ठरतं.

कोटा, बुंदी, जयपूर झपाट्यानं झालं. थांबावं लागलं ते हिसारच्या अलीकडे. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. ढाब्याच्या आवारात गाडी लावली. पहाटे जाग आली ती चेहऱ्यावर थेंब पडला म्हणून. आमच्या श्वासाची वाफ छताला धरून ठिबकत होती. काचा आतून ओल्या, खिडकीला पडदा म्हणून लावलेल्या चादरीची किनार भिजून जड झालेली. ढाबेवाल्याची म्हातारी आई काठी टेकत आली, काच ठोठावली आणि पितळी पेला पुढं केला. गरम पाणी. तोंड धुवायला की प्यायला ते समजेना, मी निम्मं प्यायले आणि निम्म्यानं तोंड धुतलं. निघताना कोरडी चादर त्यांना दिली. त्यांनी उलटीसुलटी करून बघितली. दोन्हीकडे नक्षी आहे, म्हणून सुनेला हाक मारून दाखवली.

संगरूरला मक्याची रोटी, सरसोंचं साग खाल्लं आणि परत फिरलो.

मागच्या महिन्यात तो राहिलेला, अंधारात उरकलेला तुकडा बघायला गेलो. येडशीला रामलिंगच्या झाडीत दिवस काढला. घर दोन तासांवर, तरी संध्याकाळी एका पंपावर उतरून मी नेहमीचं विचारलं, या खेपेला मराठीत. रखवालदारानं गाडीचा नंबर वाचला. "एमएच तेरा? काकू, सोलापूर तर हे काय इथं. घरी का जात नाही?"

"आम्हाला इथली सकाळ बघायचीय," मी म्हणाले.

तो क्षणभर थांबला, मग ऑइलचा रिकामा पिंप सरकवून त्यानं भिंतीकडेला जागा करून दिली.