पोटगी मुलांच्या हक्काची
"तलाक झाला, इद्दत सरली, आता मुलांचं कोण बघणार?" आमच्या समाजातल्या बाया विचारतात. बापानंच, ऐपतीप्रमाणे! आईला काय मिळालं, याच्याशी त्याचा संबंध नाही. मुलांचा हा हक्क स्वतंत्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सांगितलं. जुन्या कलम १२५ च्या जागी जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. ताब्याचा अर्ज वेगळा; तिथं मुलाचं हित आधी पाहतात.

वकिलाची फी? जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. (ही मेहरबानी नव्हे.) फोन १५१००. मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या पावत्या, बापाच्या कमाईचा मिळेल तो कागद सोबत न्या. निकालाला वेळ लागतो, म्हणून अंतरिम पोटगी सुरुवातीलाच मागा.