दमणगंगेच्या वाळूत थोरियम का नाही?

चीनने एप्रिल 2025 मध्ये सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने दुर्मीळ मूलद्रव्यांपासून चुंबकनिर्मितीसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. तेव्हापासून या मूलद्रव्यांचा साठा म्हणून किनाऱ्यावरची काळी वाळू चर्चेत आहे. सिल्वासाजवळच दमणचा जामपोर किनारा आहे आणि तिथली वाळूही काळपटच. मग दमणगंगेनेही असा खजिना आणला असेल का?

माझ्या मते नाही, आणि त्याचं कारण उगमाकडे आहे. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते. गोदावरीही त्याच जिल्ह्यातली, त्र्यंबकेश्वरची. पण दमणगंगा सिल्वासावरून दमणच्या समुद्राला मिळेपर्यंत बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळच कापत जाते. गोदावरी 1,465 किलोमीटर वाहते आणि वाटेत पूर्व घाटातले अतिप्राचीन खडक फोडते. दुर्मीळ मूलद्रव्यं आणि थोरियम धरून ठेवणारं मोनाझाइट असल्याच खडकांत असतं, बेसॉल्टमध्ये नाही. म्हणून आंध्रच्या किनाऱ्यावर मोनाझाइटचे मोठे साठे आहेत.

पुढचं काम लाटा करतात. क्वार्ट्झची घनता 2.65, मोनाझाइटची सुमारे 5. पावसाळ्यात उसळलेली लाट वाळू वर फेकते. परतताना हलके कण ओढून नेते, जड कण मागे राहतात. सुपात धान्य पाखडावं तसंच हे, फक्त हजारो वर्षं चाललेलं. केरळात चवऱ्याच्या पट्ट्यात ही साठवण इतकी दाट झाली, की तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग देशात सर्वाधिक असलेल्या भागांत मोडतो. तरी तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरच्या 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. घाबरवणाऱ्या बातम्यांत हे वाक्य हमखास गाळलं जातं.

जामपोरच्या कोरड्या वाळूवर चुंबक फिरवून पाहा. काळे कण केसाळ झुबक्यासारखे चिकटतात. ते मॅग्नेटाइट, बेसॉल्टमधलं लोहखनिज. मोनाझाइटचे कण मधासारखे पिवळट आणि साध्या चुंबकाला दाद न देणारे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट भरपूर सापडतं, पण ते टायटॅनियमचं खनिज. अख्ख्या महाराष्ट्राच्या वाट्याला मोनाझाइट जेमतेम काही हजार टन येतं. देशाचा साठा मात्र 1.3 कोटी टनांच्या घरात आहे.

तेव्हा दुर्मीळ खनिजांचं नाव पुढे करून उद्या कुणी दमणगंगेच्या मुखाशी वाळूउपसा मागितला, तर प्रशासनाने आधी या खोऱ्याचा भूगर्भीय नकाशा त्याच्यासमोर ठेवावा आणि अर्ज फेटाळावा.