कै. केशवराव दाते आणि आमचे ‘काकासाहेब’

नाटक असो वा बोलपट, घरीं परततांना गोष्टी चालतात त्या बहुधा नायक-नायिकेच्या. परंतु वर्षें लोटल्यावर जो चेहरा मनांत उरतो, तो कित्येकदां गुरूचा, शेजाऱ्याचा, बापाचा किंवा खलपुरुषाचा असतो. अशा भूमिकांवर ज्यांनीं हयात वेंचिली, त्या मराठी नटांत कै. केशवराव दाते यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें.

केशवरावांचा जन्म १८८९ सालचा. ऐन तारुण्यांत ते महाराष्ट्र नाटक मंडळींत शिरले. खाडिलकरांच्या गद्य नाटकांनीं ही मंडळी गाजली होती. पदांवर प्रयोग तारून नेण्याची सोय तेथें नव्हती. सारी भिस्त वाणीवर आणि मुद्रेवर. केशवराव घडले ते या शाळेंत. पुढें १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक रंगभूमीवर आणलें. स्त्रियांच्या भूमिका त्यांत स्त्रियांनींच केल्या, आणि नीतीचें माप स्त्रीपुरुषांना एकच असावें कीं काय, हा त्याचा विषय होता. केशवराव या उपक्रमाचे एक आधारस्तंभ होते.

प्रभात कंपनीच्या मराठी ‘अमृतमंथना’त (१९३४) त्यांनीं राजगुरु उभा केला, ‘शेजारी’मध्यें (१९४१) मुसलमान मित्राशीं दुरावलेला आणि अखेरीस त्याच्यासह मरण पत्करणारा पाटील. तथापि, आमच्यासारख्या घरांना त्यांची जी भूमिका खरोखर झोंबली, ती १९३७ सालच्या ‘कुंकू’मधील काकासाहेबांची.

नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनीं हा बोलपट काढिला. काकासाहेब हे वृद्ध, विधुर, प्रतिष्ठित वकील. त्यांच्या गळ्यांत नीरा फसवणुकीनें बांधली जाते, आणि ती हें लग्न मानण्याचें साफ नाकारते. शांता आपटे यांची ती नीरा सर्वांच्या तोंडीं झाली, यांत नवल नाहीं.

परंतु केशवरावांचें काम अधिक अवघड होतें. देवलांच्या ‘शारदा’ नाटकापासून (१८९९) जरठ वर म्हणजे हास्याचा विषय, हें ठरून गेलें होतें. हंसून टाकिलें कीं दोष दुसऱ्याचा, आपण मोकळे! केशवरावांनीं ही पळवाट बंद केली. त्यांचे काकासाहेब मिशांना कलप लावतात तेव्हां हंसूं येतें खरें, पण तें ओठांवरच थिजतें; कारण हा मनुष्य राक्षस नव्हे. तो घरंदाज आहे, कायदा जाणणारा आहे, लोकांत मानला जाणारा आहे. आपल्याच वडीलमाणसांसारखा आहे! अन्याय त्याच्या हातून घडतो तो रूढीनें तसा अधिकार त्याला दिला म्हणून. चूक उमगल्यावर तो खचतो, आणि मृत्यु पत्करून नीरेला मोकळी करतो. मुंबई इलाख्यांत हिंदु पत्नीला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ सालीं. त्यापूर्वीं अशा स्त्रीला सुटकेचा दुसरा मार्ग कोणता होता?

केळव्याच्या किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत कोणत्याही जुन्या घराची वंशावळ उघडून पाहावी. पुरुषाच्या नांवापुढें ‘प्रथम कुटुंब’, ‘द्वितीय कुटुंब’ अशा नोंदी आढळतात, क्वचित् तृतीयही. बिजवराला पोर देणें हा तेव्हां कोणाला गुन्हा वाटत नसे. त्या द्वितीय कुटुंबाचें वय काय होतें, तिला कोणी विचारिलें होतें काय, हें वंशावळींत लिहिलेलें नसतें. केशवरावांनीं तो प्रश्न पुरुषाच्या चेहऱ्यावर लिहून दाखविला. तेव्हां त्यांचें स्वतःचें वय पन्नाशीच्याही अलीकडे होतें.

यानंतरही ते थांबले नाहींत. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) व ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या शांतारामबापूंच्या चित्रपटांतून ते दिसत राहिले. १९७१ सालीं ते निवर्तले.

नायकाला प्रेक्षकांचें प्रेम आयतेंच मिळतें. ज्याला दूषण द्यावयाचें, त्याच्याविषयीं करुणाही वाटावी आणि त्याचा दोष मात्र तिळभर कमी वाटूं नये, हें साधण्यास फार मोठा नट लागतो. ‘कुंकू’ आजही घरांत एकत्र बसून पाहतां येतो. तो पाहून झाल्यावर तरुणांनीं वडीलधाऱ्यांस एवढेंच विचारावें : आपल्या घरच्या नीरा कोण होत्या?