मॅडिसनची स्टेट स्ट्रीट आणि चालण्याचे प्रिस्क्रिप्शन

‘रोज अर्धा तास चालणे’ हा सल्ला आपण डॉक्टर मंडळी दिवसातून दहा वेळा तरी लिहून देतो. या सल्ल्याची परीक्षा माझ्या घरातच झाली. सौ.च्या हृदयातील खराब झालेल्या मायट्रल झडपेच्या जागी अकरा वर्षांपूर्वी धातूची झडप बसविली. तेव्हापासून तिला वॉरफरिन चालू आहे. तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी भाजी आणायला निघाली असता गटारावरच्या हलत्या फरशीला ठेच लागून ती पडली. कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ आले, आय.एन.आर. ३.८ निघाला, आणि सी.टी. स्कॅनचा अहवाल हाती येईपर्यंतचा दीड तास मी डॉक्टर राहिलो नव्हतो. सुदैवाने मेंदूत रक्तस्राव नव्हता. मात्र त्या दिवसापासून तिचे बाहेर चालणे बंद झाले. गच्चीवरच्या फेऱ्या तेवढ्या उरल्या. मी आग्रह धरला की म्हणे, “अहो, चाला म्हणून लिहून देता, कुठे चालायचे ते कधी लिहिलेत?”

सप्टेंबर २०२५ मध्ये कन्येच्या निमित्ताने अमेरिकेतील मॅडिसन येथे तीन आठवडे राहण्याचा योग आला, आणि या प्रश्नाचे उत्तर तेथील एका रस्त्यावर पाहायला मिळाले.

मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधील चिंचोळ्या भूपट्टीवर जेम्स डोटी याने १८३६ मध्ये हे नगर आखले. मध्यभागी उंचवट्यावर राज्याच्या विधिमंडळाची, ग्रॅनाइटच्या शुभ्र घुमटाची इमारत आहे. तेथून पश्चिमेला सुमारे दीड किलोमीटरवर दुसऱ्या टेकडीवर १८४८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ. विधिमंडळाच्या चौकाच्या पश्चिम कोपऱ्यातून निघून विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी संपणारा सुमारे एक किलोमीटरचा रस्ता म्हणजे स्टेट स्ट्रीट. नगराच्या इतर रस्त्यांना तो तिरका छेदत जातो, म्हणून त्याच्या कडेच्या कित्येक इमारती समोशासारख्या त्रिकोणी झाल्या आहेत.

या रस्त्यावर खासगी मोटारींना मज्जाव आहे. १९७०च्या दशकात टप्प्याटप्प्याने ही व्यवस्था आली. बस, सायकली, माल उतरविणाऱ्या गाड्या आणि अर्थातच रुग्णवाहिका यांना मुभा असते. बाकी रस्ता पायी चालणाऱ्यांचा. मोटारी नाहीशा झाल्या आहेत असे मात्र नव्हे. एक गल्ली सोडून पालिकेची बहुमजली वाहनतळे आहेत. गाडी तेथे ठेवून माणसाने पायी यावे, अशी अपेक्षा.

पण केवळ मोटारी हटविल्याने रस्ता चालता होत नाही. येथे रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसाला ओढून नेणारे काहीतरी आहे : एकीकडे राज्याचा कारभार, दुसरीकडे हजारो विद्यार्थी. मधल्या दुकानांचे दर्शनी भाग अरुंद आहेत, त्यामुळे दर आठ-दहा पावलांवर नवे दार येते. पुस्तके, चहा, जुने कपडे, नेपाळी जेवण, मध्येच २००४ मध्ये उघडलेले ओव्हर्चर कलाकेंद्र. कित्येक दुकानांच्या वरच्या मजल्यांवर लोक राहतात, म्हणून रात्रीही खिडक्यांत दिवे असतात आणि रस्ता ओस पडत नाही.

माझे लक्ष मात्र पायांकडे होते. पदपथ रुंद, एका पातळीत आणि विनाखड्डा. ओलांडण्याच्या जागी कडा उतरती केलेली, जेणेकरून चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी सहज उतरावी. आडव्या रस्त्यांवर मोटारी धावतात, पण सिग्नलवर उरलेले सेकंद आकड्यांत दिसतात आणि वळणारा चालक पादचाऱ्यासाठी थांबतो. शिवाय ठिकठिकाणी बाके. पहिल्या दिवशी सौ. माझा दंड घट्ट धरून पहिल्या बाकापर्यंत गेली आणि बसली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकापर्यंत. पाय दुखले तर बसायला मिळेल ही खात्री हीच वृद्धाच्या चालण्याची खरी काठी, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. पाचव्या दिवशी आम्ही घुमटापासून ग्रंथालयापर्यंत पोचलो.

शनिवारी विधिमंडळाच्या चौकाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ पासूनची ही प्रथा. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत शेतकरी आपला माल स्वतः आणून विकतात आणि सगळे गिऱ्हाईक घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. सौ. क्षणभर थबकली. “ही कसली उलटी प्रदक्षिणा?” मग हसून त्या लोंढ्यात शिरली. दाताखाली किरकिरणारे ताजे चीज आम्ही चाखले. हिरव्या पालेभाज्यांचे ढीग मात्र के जीवनसत्त्वाच्या आठवणीने बेतानेच घेतले.

डॉक्टरला या नगरात आणखीही काही सापडते. हरगोविंद खोराना १९६० ते १९७० या काळात येथे होते. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते येथील कार्यासाठी. आणि वॉरफरिन तर येथलेच. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकीत आला. सोबत मेलेली कालवड, कुजके स्वीट क्लोव्हर गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त. सरकारी पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते, म्हणून तो कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत शिरला. लिंक आणि सहकाऱ्यांनी त्या गवतातील रक्त पातळ करणारे द्रव्य, डायकुमेरॉल, १९३९ मध्ये वेगळे केले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. नावातील पहिली चार रोमन अक्षरे ही विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रतिष्ठानाची आद्याक्षरे. स्टेट स्ट्रीट संपल्यावर थोड्याच अंतरावर सरोवराकाठी विद्यार्थ्यांचे सभागृह आहे. तेथील रंगीत खुर्च्यांवर विद्यापीठाच्याच दुग्धशाळेचे आइस्क्रीम खाताना मी ही हकिगत सांगितली. सौ. पर्समधील गोळ्यांची डबी काढून जरा वेळ पाहत राहिली. म्हणाली, “म्हणजे हिचे माहेर हे!”

या रस्त्याला दुखणी नाहीत असे नाही. भाडी चढी आहेत, जुनी दुकाने जाऊन उपाहारगृहे वाढल्याची हळहळ ऐकू येते. २०२० च्या आंदोलनांत येथील काचा फुटल्या. लावलेल्या फळ्यांवर चित्रकारांनी चित्रे रंगविली. विद्यापीठाकडचा भाग केवळ पादचाऱ्यांचा करण्याचा प्रयोग २०२४ च्या उन्हाळ्यात झाला, त्यावरही दोन मते आहेत. हिवाळ्यात तर सरोवरे गोठतात. पण बर्फ थांबल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरापुढचा पदपथ मोकळा करणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी आढळला. ते वाहक व्यायाम करीत नव्हते, तिकिटे फाडीत होते. स्टेट स्ट्रीटवर सौ.चेही तेच झाले. ती ‘चालायला’ अशी गेलीच नाही. ग्रंथालय, पाव, टपालाची तिकिटे, एकदा नातीसाठी लोकरीचे मोजे अशा कामांना गेली. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी झोपलो असताना एकटीच जाऊन आली. माझ्या मोबाइलवर तिच्याबरोबरच्या फेऱ्यांची रोजची पावले सहा हजारांच्या आसपास भरत. गच्चीवर तिची दीड हजारही होत नसत.

बडोद्याला परतल्यावर पहिल्याच सकाळी तिने पायांत बूट घातले आणि फाटकापाशी थांबली. ती फरशी अजून तशीच हलते. आता आम्ही आठवड्यातून चार दिवस कमाटीबागेत जातो. तेथे जाण्यासाठी मोटार काढावी लागते. साडेसहाच्या आत निघालो तर फाटकाजवळ गाडीला जागा मिळते.