पिसदुरा : वावरातले डायनासोर

पिसदुऱ्याच्या पोट्ट्याला दगडांचा नाद लागला, की त्याला ढोरांमागे पाठवण्यात अर्थ नाही. ढोरं भलत्याच्या कपाशीत शिरतात आणि हा धुऱ्यावर उकिडवा बसून ढेकळं उलथत असतो. त्याला बोल तरी कसा लावायचा? चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या उत्तरेला असलेल्या या गावात डायनासोरची हाडं शेतात सापडतात. खालचा थर लमेटा नावाच्या खडकांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नांगर लागला, वर पाऊस पडून माती धुपली, की दगड उघडे पडतात.

हाड ओळखायचं ते तुटलेल्या कडेवरून. आत बारीक जाळी दिसते, आणि कोरडा तुकडा जिभेला लावला तर बऱ्याचदा चिकटतो. पण इथली खरी दौलत वेगळीच आहे: दगड झालेलं शेण. तपकिरी-राखाडी, हातात घेतल्यावर जड, एका टोकाला निमुळते होत गेलेले गोळे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इथली हाडं एकोणिसाव्या शतकातच गोळा केली होती. या गोळ्यांचं रीतसर वर्णन भूशास्त्रज्ञ मॅटली यांनी 1939 मध्ये केलं.

2005 मध्ये याच शेणाने जगाला चकित केलं. डायनासोरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच, असा तोवरचा समज. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या गोळ्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. गवत उपटताना बोट कापतं, त्यामागेही हेच सिलिका. पुढे 2011 मध्ये भाताच्या गटातल्या गवताचे कणही इथेच मिळाले. हे शेण नेमकं कुणाचं, यावर वाद आहे. मोठ्या गोळ्यांचा आळ महाकाय शाकाहारी टायटॅनोसॉरांवर जातो.

जवळच्या डोंगरगावला तर असा एक प्राणी बऱ्याच हाडांनिशी मिळाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंडोपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि 2003 मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळालं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून! डायनासोरच्या नावात संख्याशास्त्र, आणि चंद्रपूरचा मागमूस नाही. जरा खटकतंच.

वरोरा नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर आहे, रेल्वेही थांबते. आनंदवनाला येणाऱ्यांना वाट ठाऊक असते. पिसदुऱ्याला जायचं तर पीक निघाल्यावर जावं. वावर कुणाचं तरी असतं, तेव्हा आधी विचारून पाय ठेवावा. दगड खिशात घालू नये. कुठल्या थरातून निघाला हे कळेनासं झालं, की अभ्यासकाच्या लेखी त्याची निम्मी किंमत गेली. फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी नाही तर एखादं नाणं ठेवावं, आणि जागा वहीत टिपून घ्यावी.