चौकटीतली जुनी टिक

ऑफिसात नवा संगणक येतो, पहिला दिवस छान जातो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ओरडतं, ‘‘अहो, झेरॉक्स मशीनवरून स्कॅनच येत नाहीये!’’ दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेलं ते दणकट मशीन कागद स्कॅन करून थेट संगणकावरच्या फोल्डरमध्ये टाकायचं. आता टाकत नाही. हार्डवेअरवाल्याला फोन जातो. तो येतो, कंट्रोल पॅनेल उघडतो, विंडोजची फीचर्स चालू-बंद करायची यादी काढतो आणि ‘एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट’ या ओळीपुढच्या चौकटीत टिक करतो. संगणक रीस्टार्ट होतो, स्कॅन यायला लागतात. चहा होतो, व्हिजिटचे पैसे दिले जातात. टिक मात्र तशीच राहते. ती कशासाठी केली होती, हे वर्षभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मायक्रोसॉफ्टनं ती चौकट मुद्दाम रिकामी ठेवली होती.

एका संगणकावरची फाइल नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला उघडता यावी, यासाठी दोघांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम म्हणजे एसएमबी. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांनी त्याचा पाया घातला. तेव्हाचं नेटवर्क म्हणजे एका मजल्यावरचे मोजके संगणक. त्यातलाच एखादा शत्रू निघेल, असा विचार करायचं कारणच नव्हतं. विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबी-२ आलं, तेव्हाच पहिल्या आवृत्तीला निरोप द्यायला हवा होता. पण जगभर एक्सपीवाले संगणक होते, जुने सर्व्हर होते, कॉपियर होते. कुणाचं काम अडू नये म्हणून दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी चालू राहिल्या. सप्टेंबर २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टचेच नेड पाइल यांनी एसएमबी-१ वापरणं थांबवा, असं जाहीरपणे आणि वैतागलेल्या सुरात लिहिलं. ऐकणारे थोडेच होते.

त्यानंतर आठच महिन्यांत वॉनाक्राय हा व्हायरस आला.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडे ‘इटर्नलब्लू’ नावाचं एक हत्यार होतं. एसएमबी-१मधल्या त्रुटीचा फायदा घेऊन विंडोज संगणकात शिरायचं, हे त्याचं काम. या त्रुटीचं मूळ मोठं मासलेवाईक आहे. १९८७मध्ये आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून ओएस/२ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात आणली होती. तिच्या पद्धतीनं आलेली फाइलची माहिती विंडोजच्या पद्धतीत बसवणारा एक छोटा कोड एसएमबी-१मध्ये होता. माहितीच्या यादीची लांबी ३२ बिटांत नोंदवलेली असे, पण ती दुरुस्त करताना कोड फक्त खालचे १६ बिट बदलायचा. हिशेब चुकायचा, जागा कमी राखली जायची आणि माहिती जास्त ओतली जायची. ती शेजारच्या मेमरीत सांडली की हल्लेखोराला हवं ते करता येई. ओएस/२ वापरणारं आसपास कुणी नसतानाही २०१७मध्ये हा कोड लाखो संगणकांवर इमानेइतबारे हजर होता.

मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ला ही त्रुटी बुजवणारा पॅच दिला. बरोबर महिन्याभरानं, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ या टोळीनं इटर्नलब्लू इंटरनेटवर उघडं टाकलं. १२ मे, शुक्रवार. कुणी ईमेल उघडला नाही, कुणी लिंक दाबली नाही, तरी वॉनाक्राय एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरत गेला. फायली कुलूपबंद, पडद्यावर ३०० डॉलरची बिटकॉइनमधली मागणी. युरोपोलच्या अंदाजानुसार १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक तडाख्यात सापडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी पुढं मांडला. मार्कस हचिन्स या तरुण इंग्लिश संशोधकाला व्हायरसच्या कोडमध्ये नोंदणी न झालेला एक वेब पत्ता दिसला. त्यानं तो विकत घेऊन टाकला आणि प्रसार थंडावला. व्हायरस पसरण्याआधी तो पत्ता जिवंत आहे का ते तपासत असे. जिवंत असला की थांबत असे.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्गे न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचला. तिथल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. नॉटपेट्या इटर्नलब्लूखेरीज संगणकाच्या मेमरीतले पासवर्डही चोरायचा, त्यामुळे एसएमबी-१ बंद असतं तरी त्याला पुरता अटकाव झाला नसता.

मग पॅच टाकला की भागलं, असं कुणी म्हणेल. पॅच हवाच, पण तो सापडलेल्या त्रुटीपुरता असतो. मार्च २०१७च्या त्या एकाच पॅचनं एसएमबी-१मधल्या सहा त्रुटी बुजवल्या होत्या. सातवी नसेलच, असं कोण छातीठोकपणे सांगणार? जो कोड चालूच नाही, त्याच्या त्रुटींची चिंता करावी लागत नाही. पेन ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारं ‘ऑटोरन’ हे त्याचं आधीचं उदाहरण. कॉन्फिकरसारखे व्हायरस त्यावर पोसले गेले. फेब्रुवारी २०११मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमध्येही ते आवरतं घेतलं आणि कुणाचंही फारसं अडलं नाही.

एसएमबी-१च्या बाबतीत २०१७च्या शरदातल्या विंडोज १०च्या अपडेटपासून बदल झाला. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याचा सर्व्हर भाग (दुसऱ्या यंत्राच्या हाकेला उत्तर देणारा) येणं थांबलं. होम आणि प्रो आवृत्त्यांत क्लायंट भाग (दुसऱ्याला हाक मारणारा) राहिला, पण संगणक चालू असण्याचे एकूण १५ दिवस तो वापरलाच गेला नाही, तर तो आपणहून निघून जाई. हार्डवेअरवाल्याच्या टिकेनं हे दोन्ही भाग परत येतात. स्कॅनसाठी लागतो फक्त सर्व्हर भाग. आणि इटर्नलब्लूचा घाव नेमका त्याच भागावर होता.

तरी ती टिक डोळे मिटून काढणं शहाणपणाचं नाही. विंडोजमध्ये एसएमबी-१चं ऑडिट चालू करता येतं. त्यानंतर कुठल्या पत्त्यावरच्या यंत्रानं जुन्या पद्धतीनं हाक मारली, याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पडत राहते. ही नोंद चार दिवस पाहून थांबू नये. कितीतरी कार्यालयांत एखादा जुना संगणक फक्त मार्चअखेरीलाच चालू होतो. दोषी बहुधा कॉपियरच निघतो. कंपनीनं त्याचं फर्मवेअर अद्ययावत केलं असेल, तर एसएमबी-२ चालू होतं. नसेल, तर स्कॅन ईमेलनं पाठवता येतात किंवा पेन ड्राइव्हवर घेता येतात. थोडी गैरसोय होते, हे खरं.

आता पाळी व्हीबीस्क्रिप्टची आहे. १९९६मध्ये आलेली विंडोजमधली ही छोटी भाषा साधारण २०२७पासून मुळातच बंद स्थितीत येईल आणि नंतर पूर्णपणे काढली जाईल, असं मायक्रोसॉफ्टनं मे २०२४मध्ये जाहीर केलं. कुणीतरी कधीतरी लिहून दिलेल्या आणि अजून मुकाट चालणाऱ्या स्क्रिप्ट ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या शोधायला आत्ताच लागायला हवं; लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर त्याचा फोन नंबरही.