सतारमेकर गल्लीत भिवंडीकर

मिरज जंक्शनला गाडी लागते तेव्हा अजून उजाडलेलं नाही. रात्री कल्याणला महालक्ष्मी पकडलेले आम्ही अकराजण फलाटावर जांभया देत उभे आहोत. सातजण लूमवाले : मालक, त्यांचे कारभारी म्हणजे मेहता, आणि एक जॉबर. उरलेले आम्ही चौघं गाण्याच्या क्लासला जाणारे, सहलीची टूम आमचीच. न्यायला आलेले सर इथलेच, तबल्याचे निवृत्त शिक्षक.

"झोप झाली ना?"

"कसली झोप सर," जॉबरकाका म्हणतात. "गाडी मध्येमध्ये थांबते. आवाज थांबला की आम्हाला जाग येते."

भिवंडीत हे सगळ्यांचंच आहे. लूमची खटखट थांबली की समजायचं, लाईट गेली.

चहा पिऊन आधी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. साल्झबर्गला जाणारे मोझार्टच्या जन्मघराचं तिकीट काढतात म्हणे. इथे चपला काढल्या, डोक्यावर रुमाल घेतला की झालं. आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा घराण्याचा एवढा मोठा गवई 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला निघाला, वाटेत त्रास होऊ लागला म्हणून सिंगपेरुमलकोइलच्या स्टेशनात उतरला आणि तिथेच गेला. माती मात्र मिरजेची मिळाली. उरुसात इथे संगीत सभा भरते, दूरदूरचे गवई हजेरी लावून जातात. आज सभा नाही. एक म्हातारा अंगण झाडतोय, कबुतरं उडताहेत. आमच्यातली एक ताई कबरीपाशी डोळे मिटून बसते. तिला उठवायचं कुणाच्या मनात येत नाही.

बालगंधर्व नाट्यगृह बाहेरूनच बघतो. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले ते मिरजेतच. सर आणखी बरंच सांगतात : बाळकृष्णबुवा, त्यांच्याकडे शिकायला राहिलेले विष्णु दिगंबर, इथे जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर. नावं भराभर येतात आणि आमची नजर आता ऊन कुठवर आलंय त्याकडे. जिवंत माणूस कुठेतरी भेटावा असं वाटायला लागलंय.

तो सतारमेकर गल्लीत भेटतो. दारात भोपळ्यांची रास. खायचे नव्हेत, कडू, जाड सालीचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. एक चिरलेला भोपळा पाण्यात भिजतोय, दुसऱ्यात आकार धरावा म्हणून काटक्या ताणून बसवल्यात. आत तुनीच्या लाकडाचा वास, लाखेचा वास. चाचा सत्तरीचे असावेत. मांडीवर तंबोरा आडवा, हातात बारीक कानस.

"आमचे पूर्वज शिकलगार," ते दख्खनी वळणाच्या मराठीत सांगतात. "तलवारी, भाले करायचे. हत्यारांचं काम गेलं, मग हे." त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाद्यं करायला सुरुवात केली, मिरजकर पटवर्धनांचा आश्रय मिळाला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्यातले एक शेठ लगेच विचारतात, त्याने भाव वाढला का? चाचा हसतात आणि कानस घोडीवर ठेवतात.

जवारी काढणं म्हणतात ते हेच. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. अगदी अलगद उतार हवा, म्हणजे तार घोडीला घासत घासत बोलते. चाचा दोनदा कानस फिरवतात, फुंकर मारतात, तार छेडतात, मान हलवतात. नाही. पुन्हा दोनदा. आम्हाला काही फरक कळत नाही. जॉबरकाका मात्र पुढे सरकलेत. बंद डोळ्यांनी कोणत्या लूमचा धोटा अडखळतोय ते सांगणारा माणूस तो. आता मान तिरकी करून ऐकतोय.

"आत्ता सुटला," ते एकदम म्हणतात.

चाचा पहिल्यांदा वर बघतात. "गाता का?"

"नाही. लूम दुरुस्त करतो."

"मग बरोबर."

मला वाटतं, अख्ख्या दिवसात यापेक्षा मोठी दाद कुणी कुणाला दिली नाही. मैफलीत टाळ्या गवयाला पडतात; हा कान कुणाला दिसत नाही.

आता शेवटचं काम. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा बारीकसा तुकडा सरकवायचा. त्याला जीव म्हणतात. तो योग्य जागी आला की तार अशी झणझणते की खोली भरून जाते. चाचा दोरा शोधायला लागतात तोच जॉबरकाका खिशात हात घालतात. त्यांच्या खिशात कायम सुताचा गुंता असतो. अभिमानाने एक तुकडा तोडून पुढे करतात. "घ्या, भिवंडीचा."

चाचा तो चिमटीत घेतात, उजेडाकडे धरतात, ओढून बघतात.

"पॉलिस्टर आहे हा."

"आता तेच चालतं चाचा."

"इथे नाही चालत. सुती लागतं." आणि डब्यातून पांढऱ्या सुताचं रीळ काढून ते दातांनी तुकडा तोडतात.

तंबोरा लागतो. कुणी बोलत नाही. बाहेरून एक फटफटी जाते, तेवढाच आवाज.

परतीच्या गाडीत शेठ तंबोऱ्याच्या किमतीचा हिशेब करताहेत. जॉबरकाका खिडकीशी बसून खिशातल्या गुंत्यातून एकेक दोरा सोडवून बघताहेत. मिरज ते कराड, त्यात एकही सुती सापडलेला नाही.